नाण्यावरचा वाघ आणि डब्यातली राणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण पाककृती, आरोग्य नाहीतर बालसंगोपन यांवर ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हटले, "चांदीच्या रुपयांवर बोलते." त्या हसल्या. पण आपल्यापैकी कुणाच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या डब्यात दोन-चार जुने रुपये नाहीत, ते हात वर करून सांगावे! पाहा, एकही हात वर नाही. सोन्याचा हिशोब घरातले पुरुष ठेवतात. हे रुपये मात्र सासूने सुनेच्या हाती दिलेले असतात, आणि मोडायची वेळ आली की ते मोडायला जाणारीही बहुधा बाईच असते. म्हणून ते काय आहेत हे बाईला ठाऊक असावे.

आधी तोल पाहू. राणीछाप रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, आताच्या मापाने ११.६६ ग्रॅम. सोनाराच्या काट्यात पूर्वी वजन म्हणून रुपयाच घालीत. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, बाकी तांबे. निव्वळ चांदी धरली तर एका रुपयात पावणेअकरा ग्रॅमच्या थोडी आत. राणीचा असो, सातव्या एडवर्डचा असो की पंचम जॉर्जचा असो, हे प्रमाण एकच. १९४० साली, लढाईच्या दिवसांत, सरकारने चांदी निम्म्यावर आणली. उरलेल्यात तांबे, निकेल आणि जस्त. मग १९४१ पासून एकेका राजाची जुनी नाणी चलनातून काढीत गेले. लोकांनी मात्र ती सरकारात भरण्याऐवजी डब्यात घातली, आणि ते बरेच झाले म्हणायचे. म्हणजे डब्यातले सगळे रुपये सारखे नव्हेत. साल वाचावे. १९४० च्या आधीचा असेल तर खरी चांदी, त्यानंतरचा असेल तर अर्धी.

आता १९४७ चा रुपया घ्या. त्याच्या मागच्या बाजूला वाघ आहे, चालता वाघ, मोठा देखणा. माझ्या माहेरी, सातारकडे, त्याला 'वाघाचा रुपया' म्हणतात आणि पुष्कळ जणी तो राणीच्या रुपयापेक्षाही जपून ठेवतात. पण त्यात चांदीचा कणही नाही. तो सबंध निकेलचा आहे. १९४६-४७ ची वाघाची अधेली आणि पावली, त्यांचेही तेच. ओळखायची खूण सोपी: लोहचुंबक जवळ न्या. वाघ चिकटतो, राणी चिकटत नाही. चांदी चुंबकाला कधी धरीत नाही. अर्थात चिकटले नाही म्हणजे चांदीच, असे मात्र समजू नका. तांबे-पितळही चिकटत नाही.

जनावरांचा विषय निघालाच आहे, तर एका हत्तीची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १९११ साली पंचम जॉर्ज गादीवर आल्यावर त्याचा नवा रुपया निघाला. राजाच्या गळ्यात एका मानाच्या पदकाची माळ कोरलेली होती, तिच्यात मोर, कमळे आणि हत्ती. कोरणाऱ्याच्या हातून हत्तीची सोंड आखूड झाली, आणि लोकांना ते डुक्कर दिसले! बाजारात कुजबुज सुरू झाली. अनेकांनी तो रुपया हातात घेईनासा केला. सुमारे ९४ लाख नाणी पाडली होती, त्यांतली ७ लाखांच्या आसपासच बाहेर पडली, बाकी वितळवून टाकली. १९१२ पासून सोंड नीट लांब काढलेला हत्ती आला. लंडनच्या राजाला आपल्या बाजारातल्या माणसांनी हत्ती दुरुस्त करायला लावला, याची मला अजून मौज वाटते. तेव्हा पंचम जॉर्जचा १९११ सालचा रुपया कुणाच्या डब्यात असेल, तर तिने तो वजनावर मोडू नये. जाणत्या संग्राहकाला आधी दाखवावा.

जनावर नाण्यावर घालायची रीत आपल्याकडे फार जुनी. सातवाहनांच्या नाण्यांवर सोंड उचललेला हत्ती आहे. स्वातंत्र्यानंतर १९५० साली पैशावर घोडा आणि आण्यावर बैल आला. १९८८ पासून पंचवीस पैशांवर गेंडा आला. २०११ च्या जूनअखेर पंचवीस पैसे चलनातून गेले आणि तो गेंडा आता मुलांच्या खेळण्यात आढळतो. व्याघ्र प्रकल्पाला पन्नास वर्षे झाली, तेव्हा २०२३ च्या एप्रिलमध्ये म्हैसूरला पन्नास रुपयांचे स्मारक नाणे काढले. वाघ नाण्यावर आला, आनंद आहे. आपल्या सह्याद्रीतही २०१० पासून व्याघ्र प्रकल्प आहे, कोयना आणि चांदोली मिळून. चांदोलीच्या रानातून गावेच्या गावे उठली, त्या घरांतल्या सुना आज आपल्या सांगली-साताऱ्याच्या सपाटीवर नांदताहेत. वाघाचे चित्र पाहताना मला त्यांचीही आठवण होते, एवढेच.

बाहेरच्या देशांनी मात्र यातून मोठा व्यापार उभा केला आहे. चीनने १९८३ पासून चांदीच्या नाण्यावर पांडा घातला. ऑस्ट्रेलियाने १९९० पासून कूकाबुरा घातला, आपल्या खंड्याच्या जातीचा पक्षी तो. कॅनडाने २०११ ते २०१३ या तीन वर्षांत सहा जनावरांची मालिका काढली: लांडगा, अस्वल, प्यूमा, मूस नावाचे मोठे सांबर, हरणासारखे प्रॉन्गहॉर्न आणि रानबैल. ही नाणी बहुधा एका औंसाची, म्हणजे ३१.१ ग्रॅम, आणि जवळजवळ शुद्ध चांदीची असतात. कॅनडाच्या नाण्यावर पाच डॉलर लिहिलेले असते, पण आतली चांदीच त्याहून किती तरी महाग, म्हणून त्याने कुणी भाजी घेत नाही. हौशी लोक मालिका पुरी करण्यासाठी घेतात. माझ्या पुतण्याने परदेशातून एक पांडा आणून दाखवला. सुंदर आहे, नाही म्हणवत नाही. पण मी त्याला हिशोब मांडून दिला: तीन राणीछाप रुपयांतली चांदी त्या एका पांड्याहून तोळ्याच्या अंशाने जास्तच भरते. तो चकित झाला.

यात बायकांनी धरून ठेवण्यासारखी गोष्ट घडणावळीची आहे. बांगडी घेताना आपण घडणावळ देतो आणि मोडताना ती बुडते, हे आपल्याला पाठ आहे. चित्राच्या नाण्याचेही तसेच. घेताना चांदीचा भाव अधिक चित्राची किंमत. विकताना हौशी गिऱ्हाईक मिळाले तर चित्राचे पैसे येतात, सोनाराकडे गेलात तर नुसती चांदी. दिवाळीला पेढीवर लक्ष्मी-गणपतीची जी 'नाणी' मिळतात, ती तर खरी नाणीच नव्हेत. नाणे पाडण्याचा अधिकार सरकारचा. ती चांदीच्या टिकल्या आहेत. खुशाल घ्या, पूजेला ठेवा, पण त्यावर ९९९ चा छाप, वजन आणि पावती पाहून घ्या.

आता वितळण्याविषयी. आपल्या विटे, खानापूर, आटपाडी भागातली गलाईवाली माणसे साऱ्या हिंदुस्थानात पसरली आहेत, हे सांगायला नको. केरळात जा नाहीतर बंगालात, सोने-चांदी गाळणारा आपल्याकडचाच भेटतो. माझ्या आत्याचे दोन मुलगे त्या धंद्यात. ते सांगतात, मुशीत पडल्यावर राणी, राजा, हत्ती, सगळे सारखेच. तेजाबात चांदी विरघळवून पुन्हा शुद्ध काढतात, आणि टंच किती आला त्यावर पैसे. गलाईवाला प्रामाणिक असला तरी तो चांदीचे पैसे देतो, सालाचे देत नाही. तेव्हा मुशीत घालण्याआधी सालाचा निर्णय आपण करायचा.

आमच्या ओळखीच्या एका बाईंनी मुलीच्या फीसाठी सासूचे वीस रुपये मोडायला काढले. एका दुकानदाराने सांगितले, "ही बंद झालेली नाणी, मिश्र चांदी, निम्मा भाव." त्यांतले सतरा राणीचे होते! बाईंनी साल वाचले, उठून दुसरीकडे गेल्या आणि टंच काढून घेतला. फी भागून नऊ रुपये डब्यात परत आले. तेच रुपये आता त्या मुलीच्या लग्नात तिच्या ओटीत पडतील.

दुसरी गोष्ट इतकी गोड नाही. आमच्याच आळीतल्या एका मुलीला फोन आला, की तुमच्या गेंड्याच्या चार आण्याला पाच लाख मिळतील, फक्त नोंदणीचे दीड हजार आधी पाठवा. मग कराचे म्हणून सहा हजार, मग पार्सलचे म्हणून आणखी. फोनवर रिझर्व्ह बँकेच्या नावाचा कागदही दाखवला. भिशीचे सारे पैसे गेले, आणि घरात सांगायची चोरी. पुढे तीन महिने ती हळदीकुंकवालाही आली नाही. भगिनींनो, रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे की आपण जुन्या नाण्यांच्या व्यवहारात पडत नाही आणि त्यासाठी कुणाकडून शुल्क वा कमिशन घेत नाही. घेणारा खरा असेल तर तो तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून मागत नाही. आणि जिचे गेले, तिला नावे ठेवू नका. तिला सोबत घेऊन पोलिसात जा, १९३० या क्रमांकावर लगेच कळवा.

एक कायद्याची बाब. जुने घर पाडताना किंवा शेत नांगरताना जमिनीत हंडा सापडला, तर तो आपला झाला असे होत नाही. १८७८ चा कायदा अजून लागू आहे, आणि दहा रुपयांवरचे गुप्तधन कलेक्टरला कळवावे लागते. सासूने दिलेल्या डब्याला हे लागू नाही, घाबरू नका.

शेवटी डब्याच्या निगेचे. दिवाळी आली की आपण चिंच, रांगोळी, राख घेऊन चांदी लखलखीत करतो. समईला करा, निरांजनाला करा. जुन्या रुपयाला नको. घासल्याने राणीच्या मुकुटाची रेघ झिजते, आणि संग्राहक काळा पडलेला रुपया घेतो, घासलेला नाकारतो. कोमट पाण्याने धुवावा, मऊ फडक्याने टिपावा, कडेने धरावा आणि सुती कापडात वेगळा गुंडाळून ठेवावा.

त्या टेबलावर मी लोहचुंबक, भिंग आणि घरातला छोटा काटा ठेवला आहे. ज्यांनी रुपये आणले आहेत त्यांनी चहानंतर यावे. काट्यावर साडेअकरा ग्रॅमच्या आसपास वजन भरले तर राणी नुसती झिजलेली आहे. पुष्कळच कमी भरले, तर आपण बसून साल पाहू.