दोन इंजिनांची मोटार आणि बोरघाट



मुंबईहून पुण्यास जाणारी आगगाडी कर्जत स्टेशनांत कांहीं मिनिटें थांबते. प्रवाशांचें लक्ष बटाटेवड्याकडे असतें. तेवढ्या अवधींत पुष्कळशा गाड्यांच्या शेवटास जादा इंजिनें जोडलीं जातात. बोरघाटाचा चढ सदतीस फुटांस एक फूट. तो संपवून गाडी लोणावळ्यास पोंचली कीं हीं इंजिनें सुटतात.

प्लग-इन हायब्रिड नांवाच्या मोटारीचें मर्म समजण्यास हें उदाहरण बरें आहे. तिच्यांत विजेची मोटर असते आणि पेट्रोलचें इंजिनही असतें. घरच्या प्लगवर बॅटरी भरली म्हणजे पहिले चाळीस-पन्नास किलोमीटर ती विजेवर धांवते, पुढें पेट्रोलवर. २००८ सालीं चीनमधील बीवायडी कंपनीनें अशी मोटार विक्रीस आणली. आपल्या रस्त्यांवर ती अजून क्वचितच आढळते. कर्जतचें जादा इंजिन घाट संपतांच रजा घेतें. ही मोटार मात्र आपलें दुसरें इंजिन, गरज असो वा नसो, सबंध वाटभर वाहून नेते.

आतां थोडें गणित. मास्तर भाषणास बसला म्हणजे तें टळत नाहीं! एक लिटर पेट्रोल जळलें कीं सुमारें २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेंत जातो. लिटरला १५ किलोमीटर जाणारी मोटार किलोमीटरमागें दीडशे ग्रॅमहून थोडा अधिक वायु सोडते. विजेवर चालतांना मागें धूर नसतो, पण वीज कोठून तरी आलेली असते. आपल्या देशांत ती अजून मुख्यतः कोळशाची. म्हणून एका युनिटामागें सुमारें ७०० ग्रॅम वायु पडतो. युनिटास सहा किलोमीटर धरले तर किलोमीटरमागें १२० ग्रॅमच्या आंत. लाभ आहे, पण जाहिरातींत दिसतो तेवढा नाहीं.

खालापूर तालुक्यांतील खोपोलीस टाटांचें वीजघर १९१५ सालीं सुरू झालें. लोणावळें-वळवणच्या तलावांतलें पावसाचें पाणी नळांतून सुमारें पांचशें मीटर खालीं उतरतें; त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. जवळजवळ तीच उंची मोटारीस चढावी लागते. दोन टनांची गाडी घाटमाथ्यावर नुसती उचलण्यास तीन-साडेतीन युनिटें पुरतात, म्हणजे खोपोलीस उतरणारें सुमारें तीन घनमीटर पाणी.

पण प्रत्यक्षांत काय घडतें? दादरहून निघालेल्या मोटारीची पन्नास किलोमीटरांची वीज खालापूरचा टोलनाका येण्यापूर्वींच बहुतेक संपते. म्हणजे नेमका चढ लागतो तेथें ओझें पेट्रोलच्या इंजिनावर येतें, आणि त्याचा धूर खोपोलीकरांच्या वांट्यास जातो. युरोपीय आयोगानें गाड्यांतच बसविलेल्या मापकांच्या नोंदी तपासून २०२४ सालीं अहवाल दिला. २०२१ सालीं नोंदलेल्या अशा मोटारींचा प्रत्यक्ष कार्बन वायु प्रयोगशाळेंतील आंकड्याच्या सरासरी साडेतीन पट भरला. प्रयोगशाळेंत जितकी वाट विजेवर कापली जाईल असें धरलें होतें, तितकी मालकांनीं कापली नाहीं.

कर्जतच्या एखाद्या डॉक्टरांनीं रोज खोपोलीस जावें-यावें आणि रात्रीं अंगणांत प्लग लावावा. त्यांचें पेट्रोल महिनेच्या महिने टाकींत पडून राहील. परंतु मग दुसऱ्या इंजिनाचें ओझें कशास, निव्वळ विजेची मोटार कां नको, असें त्यांनीं विचारल्यास मजजवळ उत्तर नाहीं. आणि मुंबईंत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या ज्या गृहस्थाच्या आवारांत एकही प्लग नाहीं, त्याच्या लेखीं ही एक महागडी पेट्रोलची मोटारच होय. त्यानें आधीं सोसायटीच्या चिटणिसांस भेटावें, विक्रेत्यास मागाहून.

ज्यांच्या दारीं अशी मोटार आलीच आहे त्यांच्यासाठीं एक बारकावा. घाट उतरतांना तिची मोटर उलट वीज निर्माण करून बॅटरींत भरते. चढतांना खर्चलेल्या शक्तीचा कांहीं भाग असा परत मिळतो. मात्र बॅटरींत जागा हवी. लोणावळ्याच्या मुक्कामाहून सकाळीं ती कांठोकांठ भरून निघालांत, तर ही शक्ति ब्रेकांच्या उष्णतेंत जाते. तेव्हां तेथें प्लग थोडा आधींच काढावा.