शाळेला न जाणारे मूल आणि तज्ज्ञांची वाणी



मूल शाळेत जायला तयार नाही, ही घटना घरात घडते. परंतु तिला नाव मिळते ते घराबाहेर. ते नाव शिक्षक देतात, डॉक्टर देतात, समुपदेशक देतात, प्रसंगी शासनाचे परिपत्रकही देते. एकदा नाव मिळाले की आईवडील त्याच नावाच्या चष्म्यातून आपल्या लेकराकडे आणि मग स्वतःकडेही पाहू लागतात. आजच्या विषयाचा गाभा तोच आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. दांडी मारणारा मुलगा दप्तर घेऊन घरून निघतो आणि शाळेऐवजी मैदानावर सापडतो. घरच्यांना त्याचा पत्ता नसतो. येथे ज्या मुलाचा विचार करावयाचा आहे, ते घरातच असते आणि आईवडिलांना ते ठाऊक असते. गणवेश अंगावर चढवताना त्याच्या पोटात कळ येते, उलटी होते, हातपाय गार पडतात. शाळेची वेळ टळली की ते हळूहळू पूर्ववत होते. रविवारी बहुधा काहीच नसते. या अवस्थेचे निकष १९६९ साली ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी मांडले, तेव्हा ‘पालकांच्या माहितीने घरी राहणे’ हा त्यांतील एक ठळक निकष होता.

नावांचा इतिहास उद्बोधक आहे. १९३२ साली ब्रॉडविन या अमेरिकन लेखकाने अशा मुलांचे वर्णन दांडीचाच एक निराळा प्रकार म्हणून केले. १९४१ साली ॲडलेड जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्कूल फोबिया’ हा शब्द रूढ केला. त्यांच्या मते या भयाच्या मुळाशी आई आणि मूल यांच्यातील न सुटलेले परावलंबन होते. म्हणजे गुन्हेगार मूल नाही, रुग्ण आहे, हे मान्य झाले खरे. परंतु आरोपीचा पिंजरा रिकामा राहिला नाही. त्यात आईला उभे करण्यात आले.

या शब्दांचे काय परिणाम होतात, हे पाहायचे असेल तर जपानकडे पाहावे. शिस्त, परिश्रम आणि कुटुंबनिष्ठा यांसाठी ख्यातनाम असलेल्या या देशाने गेली सहा दशके हा प्रश्न अनुभवला आहे. तेथेही आरंभी ‘शाळेचे भय’ हाच शब्द होता. पुढे ‘तोको क्योही’, म्हणजे शाळेला नकार, हा शब्द आला. १९७९ साली एका जपानी डॉक्टरांचे ‘बोगेनब्यो’ नावाचे पुस्तक प्रचंड खपले. बोगेनब्यो म्हणजे मातेपासून उद्भवणारा आजार! दम्यापासून शाळा टाळण्यापर्यंत मुलांच्या अनेक तक्रारींचे खापर आईच्या संगोपनावर फोडणारा हा शब्द होता. पती सकाळी कामावर जाऊन रात्री उशिरा परतणार, सासू बोलणार, शेजारी पाहणार आणि डॉक्टरांच्या नावाने छापलेले पुस्तक सांगणार, ‘दोष तुझा.’ अशी आई मुलाला फरपटत शाळेच्या फाटकापर्यंत नेत असे, यात नवल ते काय! ती मुलाला शाळेत पोचवत नव्हती, स्वतःवरचा ठपका पुसत होती.

१९८८ साली तेथील एका अग्रगण्य वृत्तपत्राने एका मनोविकारतज्ज्ञाचे मत ठळकपणे छापले. वेळीच उपचार न झाल्यास ही मुले तिशी गाठेपर्यंत निष्क्रियतेत अडकून पडतील, असा त्याचा आशय होता. शास्त्रीय मताला वाव आहे, चर्चेलाही आहे. परंतु बारा वर्षांच्या मुलाच्या आईने ते वाक्य सकाळी चहा गाळताना वाचले की तिच्या डोळ्यांपुढे मुलाची अठरा वर्षे एका क्षणात उभी राहतात. त्या मताविरुद्ध पालक एकत्र आले आणि त्यांनी आवाज उठविला.

या पालकांत एक नाव विशेष आहे, केइको ओकुची यांचे. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या आणि त्यांच्याच घरातील मुलांनी शाळेत जाणे सोडले होते. शिक्षिकेच्या घरातच हे घडावे, याहून मोठा लोकापवाद कोणता? त्यांना वाट दाखविली ती एका बालमनोविकारतज्ज्ञाने. त्याने मुलाला दुरुस्त करायला न घेता त्याचे म्हणणे ऐकून घेतले. १९८४ साली ओकुचींनी पालकांची सभा सुरू केली आणि १९८५ साली टोकियोत मुलांसाठी ‘शुरे’ नावाची मोकळी जागा उघडली. हा शब्द ग्रीक ‘स्कोले’वरून घेतला आहे. इंग्रजी ‘स्कूल’चे मूळही तेच, आणि त्या मूळ शब्दाचा अर्थ आहे, निवांतपणा. दप्तराच्या ओझ्याखाली वाकलेल्या पिढीला हा अर्थ गमतीचा वाटेल!

१९९२ साली शासनाच्या तज्ज्ञ समितीने म्हटले की ही अवस्था कोणत्याही मुलावर येऊ शकते. वाक्य साधे आहे. परंतु ‘अमुक स्वभावाची मुले, अमुक प्रकारची घरे’ ही चौकट त्या एका वाक्याने मोडली. पुढे शासकीय आकडेवारीतील शब्दही बदलला. ‘नकार’ जाऊन ‘फुतोको’, म्हणजे केवळ शाळेत न जाणे, हा शब्द आला. २०१६ च्या कायद्यात अशा मुलांना विश्रांतीची गरज असते, हे नमूद झाले. २०१९ च्या परिपत्रकाने शाळेत परतणे हेच एकमेव ध्येय मानू नये, असे सांगितले.

मग प्रश्न सुटला का? नाही. वर्षात ३० दिवस वा अधिक गैरहजर असलेली प्राथमिक आणि माध्यमिक स्तरावरील अशी मुले २०१२ च्या शैक्षणिक वर्षात सुमारे १ लाख १२ हजार होती. २०२३ च्या वर्षात ती ३ लाख ४६ हजारांवर गेली. जन्मदर घटत असताना ही वाढ झाली, हे विशेष. यावरून शब्द बदलणे व्यर्थ होते, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. परंतु कोमल शब्दही जखम करू शकतो, हे मात्र मान्य करावे लागेल. ‘घाई करू नका, लक्ष ठेवून वाट पाहा’ हा तेथील समुपदेशकांचा आवडता सल्ला. वाट पाहायची ती किती दिवस? त्या काळात घरी काय करायचे? पुढची भेट कधी? यांपैकी काहीच न सांगता दिलेला हा सल्ला म्हणजे पालकांना सुसंस्कृत भाषेत वाऱ्यावर सोडणे होय. अनुपस्थिती जितकी लांबते तितके परतणे कठीण होते, हे जाणकार जाणतात. पालकांनाही ते सांगितले पाहिजे, मात्र धमकी म्हणून नव्हे.

इंग्लंडने दुसरी वाट धरली. तेथे विनापरवानगी अनुपस्थितीबद्दल १९९६ च्या शिक्षण कायद्यानुसार पालक दोषी ठरू शकतो आणि ऑगस्ट २०२४ पासून दंडाची रक्कम ८० पौंड झाली आहे. भीतीने कापणाऱ्या मुलाच्या घरी दंडाची नोटीस जाते, तेव्हा तीही एका अधिकाऱ्याची वाणीच असते.

आपल्या महाराष्ट्रात काय ऐकू येते? ‘आईनेच लाडावून ठेवलाय.’ ‘दोन दिवस उपाशी ठेवा, बघा कसा जातो.’ ‘बोर्डिंगात टाका.’ २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे. पालकांच्या मानसिक छळाला मात्र कोणतेही कलम नाही! आणि सर्वांत घातक वाक्य सर्वांत निरुपद्रवी दिसते. सोनोग्राफी होते, रक्ततपासणी होते आणि डॉक्टर हसून सांगतात, ‘अहो ताई, रिपोर्ट नॉर्मल आहेत, त्याला काहीही झालेले नाही.’ डॉक्टरांचा हेतू धीर देण्याचा असतो. आई मात्र ऐकते की मूल खोटे बोलते. घरी परतताना रिक्षातच मुलाला चापट बसते. ज्याच्यावर विश्वास ठेवणारे जगात एकच माणूस होते, त्याच्याकडे आता तेही उरत नाही.

वास्तविक डॉक्टरांना एवढेच म्हणता आले असते, ‘पोटदुखी खरी आहे, तिचे कारण पोटात नाही.’ भय वाटले की आतड्यांची हालचाल बदलते, हे शरीरशास्त्र आहे, नाटक नव्हे. त्यानंतर शोध सुरू होऊ शकतो. अमेरिकेतील केअर्नी आणि सिल्व्हरमन यांनी असा शोध घेण्यासाठी मुलाच्या वागण्यामागचे चार हेतू सांगितले आहेत : शाळेतील त्रासदायक गोष्टी टाळणे, परीक्षेसारख्या कसोटीच्या प्रसंगातून सुटणे, घरच्यांचे लक्ष मिळविणे, आणि शाळेबाहेरच्या सुखसोयींची ओढ. यांतील पहिले दोन हेतू थेट शाळेकडे बोट दाखवतात. वर्गात कोणी छळते का, स्वच्छतागृहाला दार आहे का, फळ्यावरची अक्षरे त्याला वाचता येतात का, हे प्रश्न मुख्याध्यापकांना विचारायचे असतात, आईला नव्हे.

आणि आईला, वडिलांनाही, पहिल्या भेटीत विचारण्याजोगा एक प्रश्न आहे, तो फारसा कोणी विचारत नाही. गेल्या आठवड्यात आपण दोघे किती तास झोपलात?