परदेशात भेटलेले माहेर
(अलिबाग तालुक्यातील एका बुद्धविहारात केलेले भाषण)



काही वर्षांपूर्वी एका कायदेविषयक परिषदेच्या निमित्ताने मला इस्रायलला जाण्याचा योग आला. तेथील लोद शहरात बसमध्ये बसलो असता मागील बाकावरून शब्द कानी पडले, "मलिद्याला नारळ जून हवा गं!" मी चकित होऊन मागे पाहिले. दोन वृद्ध स्त्रिया आपल्या किनाऱ्याच्या मराठीत बोलत होत्या.

त्या बेने इस्रायल समाजाच्या होत्या. या समाजाच्या परंपरेनुसार नवगावजवळ गलबत फुटून जी सात पुरुष व सात स्त्रिया वाचली, तेच त्यांचे पूर्वज होत. या किनाऱ्यावर त्यांनी तेलाचे घाणे चालविले. शनिवारी ते काम बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. रोहेकर, पेणकर, किहीमकर ही त्यांची आडनावे आपल्याच गावांची होत. १९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यावर त्यांच्यापैकी बहुसंख्य लोक तिकडे गेले.

मी ओळख सांगताच एका मावशींचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "हे आमचे घर, पण अलिबाग माझे माहेर." लहानपणचा समुद्र, नारळाच्या वाड्या, गावची विहीर, सारे त्यांना आठवू लागले. मग त्यांनी सहज विचारले, "तुझे घर कोणत्या आळीत रे?"

बंधुभगिनींनो, या प्रश्नाचा अर्थ आपल्याला सांगावा लागत नाही. वकिली करून इतकी वर्षे झाली, तरी क्षणभर माझी जीभ अडखळली. ज्या विहिरीचे पाणी त्यांना गोड आठवत होते, तशा विहिरीवर माझ्या आजीला पोहरा सोडता येत नव्हता. मी म्हणालो, "मावशी, आमचे घर गावाबाहेर, बौद्धवाडीत."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आम्हालाही इथे कूळ विचारले होते, बाळा."

त्यांचे म्हणणे खरे होते. १९५० च्या परतीच्या कायद्याने प्रत्येक यहुद्याला इस्रायलमध्ये येऊन राहण्याचा हक्क दिला होता. तेथे यहुद्यांचे विवाह मात्र धर्मपीठाच्या अखत्यारीत होते. १९६२ च्या सुमारास धर्मपीठाने आदेश काढला, की बेने इस्रायल वधूवरांची वंशावळ तपासल्याशिवाय त्यांचे इतर यहुद्यांशी लग्न लावू नये. नागरिकत्व मिळाले, पण मांडवाच्या दारात कूळ आडवे आले. तेव्हा हे लोक संघटित झाले आणि जेरुसलेममध्ये त्यांनी धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने ठराव केला, की बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी असून विवाहासह सर्व बाबतींत त्यांचे हक्क समान आहेत. पुढे धर्मपीठालाही आदेशातून त्या समाजाचे नाव वगळावे लागले.

यातून आपण काय घ्यावे? ज्या घराच्या उंबरठ्यावर कूळ विचारले जाते, ते घर अजून पुरते आपले झालेले नसते. ते आपले करून घ्यावे लागते. आपल्याच जिल्ह्यातील महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते हाच हक्क बजावण्यासाठी. १९५६ साली आपण धम्माच्या घरात आलो. तरी अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांना लागू होण्यास १९९० साल उजाडावे लागले. तोपर्यंत अर्ज, निवेदने, मोर्चे चालूच होते.

तेव्हा नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांना माझे सांगणे आहे, की आपले कागद नीट ठेवा, हक्क कशाने मिळतो ते समजून घ्या, आणि गाव सोडून मुंबईला गेलात तरी गावावरचा हक्क सोडू नका. त्या मावशींना माहेर आठवते तेव्हा गोडच आठवते. आपल्या लेकींनाही आपले गाव तसेच आठवावे, एवढे काम आपल्याकडे आहे.

जय भीम!