दिसलं तेच काढ
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सकाळपासून सगळे विचारताहेत, "तू नक्की करतेस काय?" मी डॉक्टर नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तवाहिनीच्या आत जाणाऱ्या दुर्बिणीचं, म्हणजे अँजिओस्कोपचं चित्र पडद्यावर आणणारं सॉफ्टवेअर मी लिहीत होते. त्यातलाच एक प्रसंग सांगते.

मधुमेहामुळे किंवा तंबाखूमुळे पायाची धमनी बंद झाली, तर पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. तो वाचवायला सर्जन पायातलीच शीर वापरून बायपास करतात. पण शिरेतल्या झडपा रक्ताला फक्त हृदयाकडे जाऊ देतात आणि इथे ते पावलाकडे न्यायचं असतं. म्हणून शीर उलटी करून जोडतात, नाहीतर जागेवरच ठेवून झडपा आतून कापतात. एखादी झडप राहिली तर प्रवाह अडतो, बायपास बंद पडू शकतो.

अँजिओग्राफीत प्रवाहाची सावली दिसते. अँजिओस्कोपमध्ये आतली भिंतच दिसते. लाल गुठळी, पिवळसर थर, झडपेचा पापुद्रा. रक्तातून काहीच दिसत नाही, म्हणून सलाईन सोडून तेवढा भाग स्वच्छ करतात. तेही बेतानं, कारण जास्त पाणी हृदयाला झेपत नाही. त्यामुळे पाहायला वेळ थोडाच मिळतो.

हे चित्र काचतंतूंच्या जुडग्यातून येतं. असं चित्र नेता येतं, हे हॅरल्ड हॉपकिन्स आणि पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं होतं. प्रत्येक तंतूचा एक ठिपका, म्हणून पडद्यावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. ती पुसायचं काम माझ्याकडे होतं. मी फिल्टर लिहिला. चित्र इतकं सुरेख झालं की टीमनं टाळ्या वाजवल्या.

सर्जन मॅडम मात्र गप्प होत्या. मग म्हणाल्या, "छान आहे. पण इथली झडप कुठे गेली?"

मूळ चित्र लावलं. कडेला न कापलेला पातळ पापुद्रा स्पष्ट होता. जाळीबरोबर मी तोही पुसला होता. नशीब, ते जुनं रेकॉर्डिंग होतं. टेबलावर पेशंट नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि बाई, तुमची प्रयोगवही आठवली. कांद्याच्या पापुद्र्याची आकृती मी पुस्तकात बघून काढली होती, अगदी रेखीव. तुम्ही मला पुन्हा सूक्ष्मदर्शकाशी बसवलंत. तिथे हवेचा बुडबुडा होता, एक कोपरा दुमडलेला होता. "तुला दिसलं तेच काढ," म्हणालात आणि दोन मार्क कापलेत. मी घरी जाऊन रडले होते.

फिल्टर मी बदलला. शिवाय मूळ चित्र शेजारी कायम दिसेल, कुणालाही बंद करता येणार नाही, अशी सोय केली.

बाई, ते दोन मार्क बरोबर कापले होतेत. एवढं सांगायलाच मी आज आले.