पाऊण किलोवॉटचं घर

(युवक मेळाव्यातलं भाषण)



मी गोदीत पोती उचलणारा. मॅट्रिक. तरी मुंबईची १९९१ ची विकास नियंत्रण नियमावली वाचली. त्यात 'घरगुती व्यवसाय' कशाला म्हणायचं ते लिहिलं होतं. घरच्याच माणसानं करायचा, पगारी हात लावायचा नाही. बाहेर पाटी नको. तिथंच बनवलेला माल तेवढा विकायचा. लोकांना जेवू घालायची खाणावळ चालणार नाही. यंत्र घरगुती वापराचंच, वीज लागलीच तर पाऊण किलोवॉट. म्हणजे एक घोडा. आणि धंदा कसला? तर 'रूढ'.

या शब्दापाशी जरा थांबा. आपल्या घरांत रूढ काय होतं? मेलेलं ढोर, चामडं, केरसुणी, दोर. ते टाकूनच बाप शहरात आला ना? आता पोरगी शिलाई मशीन घेते, शेजारणीला रोजावर बसवते, दाराला पाटी लावते. झाले दोन नियम मोडून!

कलम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढं दिवाणखाना असणार, वर एक रिकामी खोली. आमचं दहा बाय दहा. दिवसा कारखाना, रात्री अंथरूण. झोन आखणार कुठं, पिंपाच्या अलीकडं की पलीकडं?

खाणावळीचंच घ्या. गिरणगावातले किती कामगार या बायांच्या पोळपाटावर जगले. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बँकेनं धंदा मानला. सोळा वर्षांनी नियमावली म्हणाली, घरात नाही.

१९९१ ची नियमावली गेली, २०१८ साली दुसरी आली. तीही अशीच शब्द न् शब्द वाचायला हवी.

कागदांचंही ऐका. २०१७ च्या दुकाने कायद्यानं दहापेक्षा कमी कामगारांना गुमास्त्याची नोंदणी उरली नाही, नुसती सूचना द्यायची. पण १८८८ च्या महापालिका कायद्याचं कलम ३९४ काही धंद्यांना आणि मालाला वेगळा परवाना मागतं. एक कागद मिळाला म्हणून दुसरा माफ होत नाही. हप्ता शिरतो तो याच फटीतून.

आमच्या गल्लीत असाच एक साहेब यायचा, वही न काढता. एका मावशीनं विचारलं, कलम कुठलं? लेखी द्या. गडी चहा न पिताच गेला.

रविवारी आपापल्या आयांचे कागद घेऊन या. बसून वाचू.