गोळी थांबवण्याचा सल्ला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आरोग्यावर चार शब्द बोला, अशी मंडळाची आज्ञा झाली. मी डॉक्टर नव्हे, परिचारिकाही नव्हे. परभणीच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. म्हणून उपदेश न करता, माझ्या हातून झालेली एक चूकच आज आपणांपुढे मांडते.

माझी धाकटी जाऊ गंगाखेडकडे खेड्यात असते. लहानपणीच्या सांधेतापाने तिच्या हृदयाची झडप बिघडली आणि पुढे ती काढून कृत्रिम, धातूची बसवावी लागली. रात्री सारे निजले की तिच्या छातीतली बारीक टिकटिक शेजारी निजलेलीला ऐकू येते. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून तिला जन्मभर वॉर्फरिनची गोळी आहे. त्यातच बाळंतपणे आणि दिवसदिवस उभ्याने कापूस वेचणे; पायांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या. घोट्याजवळची जखम भरेना, तेव्हा नांदेडला लेसरने शीर बंद करून घ्यायचे ठरले.

आदल्या आठवड्यात मी तिला म्हणाले, “अगं, रक्त पातळ असताना शिरेला हात लावला तर ते थांबायचं कसं? गोळी बंद ठेव.” मोठ्या जावेचा शब्द तिने मोडला नाही. सहा दिवस गोळी बंद!

नांदेडला रक्त तपासले. आय. एन. आर. म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचे माप. गोळी न घेणाऱ्याचे ते १ च्या आसपास असते. तिचे अडीच ते साडेतीन ठेवायला सांगितले होते. ते निघाले १.२. डॉक्टरांनी विचारले, “गोळी कोणी थांबवायला सांगितली?” जाऊ खाली पाहत म्हणाली, “विसरले मी, साहेब.”

मला राहवले नाही. “मी सांगितली,” म्हटले.

त्यांनी बराच वेळ तिच्या छातीला नळी लावून ऐकले, मग हृदयाची सोनोग्राफी केली. झडपेवर गुठळी धरली की ती टिकटिक दबते, हे मला मागाहून कळले. सुदैवाने झडप मोकळी होती. लेसर पुढे ढकलला. गोळी पुन्हा सुरू झाली आणि तिचा परिणाम चढेपर्यंत पोटावर हेपॅरिनची इंजेक्शने. पुढल्या महिन्यात गोळी चालू ठेवूनच लेसर झाला, आणि त्याच दिवशी त्यांनी तिला चालायलाही लावले.

माझे चुकले कुठे? गोळीने रक्त पातळ होत नाही, गोठणे तेवढे मंदावते. जुन्या पद्धतीत कापून शीर ओढून काढत. तिथे गोळी थांबवायची की काय, हे डॉक्टर ठरवतात. लेसरची तार सुईच्या छिद्रातून जाते, उष्णतेने शीर आतून मिटते, वरून घट्ट पट्टी. त्यासाठी बहुधा गोळी थांबवावी लागत नाही. थांबवलीच, तर तिचा परिणाम उतरायला सुमारे पाच दिवस, आणि पुन्हा चढायलाही जवळजवळ तितकेच.

या औषधाचा उगम गोठ्यात आहे, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी आलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. त्या शोधातूनच पुढे वॉर्फरिन आले. आधी, १९४८ साली, उंदीर मारण्यासाठी आणि १९५४ पासून माणसांसाठी. आपल्याकडे बुरशी आलेला कडबा टाकून देतात, त्यातून कोणी औषध शोधले नाही एवढेच!

ज्या भगिनी अशी गोळी घेत नाहीत त्यांच्याविषयीही एक. या उपचारानंतर कधीकधी आतल्या खोल शिरेत गुठळी धरते. पूर्वी कधी गुठळी झाली असेल तर आधीच सांगावे. डॉक्टर काही दिवस इंजेक्शने देतात. पोटरी सुजून दुखू लागली किंवा एकाएकी धाप लागली, तर उद्यावर ढकलू नये.

आता जावेच्या तपासणीची वही मीच ठेवते. तेवढे गणित उपयोगी पडले. पालेभाजी एकदम वाढली की आकडा उतरतो, हे आता तिलाही पाठ झाले आहे. मेथीच्या दिवसांत परभणीला आली की दारातूनच सांगते, “बाई, या खेपेला आकडा कमी भरणार, आधीच सांगते!”