आडव्या बाटलीचे मतदान



गावातील दारूदुकानाविषयी महिलांचे गुप्त मतदान होते, तेव्हा मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहावे. आडवी म्हणजे बंद व्हावे. एवढे बहुतेकींस ठाऊक असते. समजावून सांगावयाचे ते निराळेच. २००८ च्या आदेशानुसार निम्म्याहून अधिक मते हवीत ती झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण महिला मतदारांच्या. समजा, यादीत ६०० नावे आहेत. ३५० जणी आल्या, २९० जणींनी आडवी बाटली निवडली. तरी दुकान चालूच राहते. ३०१ हव्या होत्या. ऊसतोडीस गेलेली भगिनी, नकळत का होईना, उभ्या बाटलीच्याच पदरात पडते! तेव्हा मतदानाची मागणी करण्यापूर्वी तोडणीच्या टोळ्या केव्हा परततात ते पाहावे, आणि मयतांची नावे वेळीच कमी करवून घ्यावीत.